कापूस बहुवारिक, मल्चिंगचा कागदही बहुवारिक. मग एक कुजतो, दुसरा का नाही?



आजचा पाठ आहे बहुवारिकांचा, म्हणजेच पॉलिमरचा. इयत्ता दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १ मध्ये 'कार्बनी संयुगे' या नवव्या पाठाच्या शेवटी हा भाग येतो. शेवटी येतो म्हणून आपण घाईत उरकतो. व्याख्या, तक्ता, दोन उदाहरणं, संपलं. मीही कित्येक वर्षं तेच केलं. फळ्यावर लिहायचो, 'बहुवारिक म्हणजे पॉलिमर, उदाहरणार्थ प्लॅस्टिक', आणि पुढे जायचो.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमची शाळा जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यात आहे. कापूस वेचणीचे दिवस होते, वर्ग निम्माच भरलेला. वेचणीवरून आठवड्याने परत आलेल्या एका मुलीने हात वर केला. म्हणाली, "सर, पुस्तकात सेल्युलोज पण बहुवारिकच लिहिलंय. म्हणजे आपला कापूस. मग पऱ्हाटीखाली पडलेला कापूस पावसाळ्यात मातीत जिरून जातो, अन् मिरचीचा मल्चिंगचा कागद तीन वर्षं झाली तरी नांगराच्या फाळाला गुंडाळतोय. दोन्ही बहुवारिक, तर असं का?"

प्रश्न अगदी बरोबर होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'उद्या सांगतो' म्हणालो. घरी जाऊन वाचायला बसलो, तेव्हा कळलं की या एका प्रश्नात अख्खा पाठ बसतो. तो पाठ आता मी कसा शिकवतो, ते इथे क्रमाने देतो. सामान घरातलं आणि वावरातलंच आहे. पालकांनाही मुलांसोबत हे सगळं करता येईल.

१. आधी नावाचा अर्थ

लहान लहान घटक एकामागे एक जोडले जाऊन जो प्रचंड मोठा रेणू तयार होतो, तो महारेणू. एकच घटक पुन्हा पुन्हा येऊन झालेला महारेणू म्हणजे बहुवारिक. आणि जो घटक पुन्हा पुन्हा येतो, तो एकवारिक. झेंडूचा हार डोळ्यासमोर आणा. एक फूल म्हणजे एकवारिक, अख्खा हार म्हणजे बहुवारिक. फरक इतकाच, की हारात फुलं दोऱ्यात ओवलेली असतात. इथे दोरा नाही, फुलांनीच एकमेकांचे हात धरलेले आहेत.

इथे मुलांना पहिली महत्त्वाची गोष्ट सांगा: सगळी प्लॅस्टिकं बहुवारिकं आहेत, पण सगळी बहुवारिकं प्लॅस्टिक नाहीत. कापूस, ज्वारीच्या दाण्यातलं पिठूळ म्हणजे स्टार्च, डाळीतली प्रथिनं, रेशीम, लोकर, रबर, आपल्या पेशींमधला डीएनए ही सगळी निसर्गाने केलेली बहुवारिकं. पॉलिथीन, पीव्हीसी, नायलॉन, टेफ्लॉन ही माणसाने केलेली. आपल्या जालन्याच्या बाजार समितीत रेशीम कोषांची खरेदी होते. तो कोषही बहुवारिकच, अळीने तोंडातून काढलेला.

ही कल्पना शास्त्रज्ञांनाही लगेच पटली नव्हती. १९२० साली हर्मान स्टाउडिंगर या जर्मन शास्त्रज्ञाने मांडलं की रबर, सेल्युलोज असे पदार्थ म्हणजे लांबच लांब रेणू आहेत. तेव्हाचे अनेक मोठे रसायनशास्त्रज्ञ म्हणत होते की एवढा मोठा रेणू असूच शकत नाही, हे लहान रेणूंचे नुसते पुंजके आहेत. स्टाउडिंगर आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. १९५३ साली त्यांना नोबेल मिळालं.

२. साखळी कशी जुळते? मैदानावरचे दोन खेळ

*खेळ पहिला (समावेशन).* मुलांच्या जोड्या करा. प्रत्येक मूल म्हणजे एक कार्बन. जोडीतल्या दोघांनी समोरासमोर उभं राहून एकमेकांचे दोन्ही हात धरायचे. हा झाला एथिलीनचा रेणू: दोन कार्बन आणि त्यांच्यामध्ये दुहेरी बंध. (चार हायड्रोजन कल्पनेत धरा.) शिट्टी वाजली की प्रत्येक जोडीने एक हात सोडायचा आणि मोकळ्या हाताने शेजारच्या जोडीचा हात धरायचा. बघता बघता लांब साखळी तयार होते. हेच पॉलिएथिलीन, आपण बोलताना म्हणतो ते पॉलिथीन.

दोन गोष्टी मुलांकडून वदवून घ्या. एक, कोणीही काहीही खाली टाकलं नाही. जेवढे होते तेवढे सगळे साखळीत आले. दोन, कोणीतरी शिट्टी वाजवावी लागली. कारखान्यात शिट्टीचं काम साखळीला सुरुवात करून देणारे विशेष पदार्थ करतात.

*खेळ दुसरा (संघनन).* आता प्रत्येक मुलाच्या डाव्या हातात 'एच' लिहिलेली चिठ्ठी द्या आणि उजव्या हातात 'ओएच' लिहिलेली. शेजाऱ्याचा हात धरायचा तर चिठ्ठ्या हातात ठेवून जमत नाही. एकाने 'एच' टाकायचा, दुसऱ्याने 'ओएच', मगच हात जुळतात. टाकलेल्या दोन चिठ्ठ्या मिळून काय झालं? पाणी! म्हणजे प्रत्येक सांध्यामागे पाण्याचा एक रेणू बाहेर पडला. स्टार्च, सेल्युलोज आणि प्रथिनं अशाच प्रकारे, पाणी बाहेर टाकत जुळतात. नायलॉन आणि पॉलिएस्टरचंही तसंच.

लगेच गणित घाला: वीस मुलांच्या सरळ साखळीत पाण्याचे किती रेणू सुटतील? पुष्कळ जण वीस म्हणतात. उत्तर एकोणीस. सांधे मोजायचे, मुलं नाही.

हे दोन खेळ वर्गाने नीट लक्षात ठेवले पाहिजेत. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर या दोन खेळांतल्या फरकात आहे.

३. लांबीने काय होतं? मेणबत्ती आणि पिशवी

एक साधी मेणबत्ती घ्या आणि एक पॉलिथीनची पिशवी. मुलांना विचारा, या दोघांत काय सारखं आहे? कोणीच सांगत नाही. खरं तर रसायन जवळजवळ तेच आहे! दोन्हींत कार्बनची साखळी आणि तिला चिकटलेले हायड्रोजन. मेणाच्या साखळीत साधारण २० ते ४० कार्बन असतात, पॉलिथीनच्या साखळीत हजारो.

आता मेणबत्ती वाकवा, मट्कन तुटते. पिशवीची पट्टी ओढा, ती ताणली जाते, लांबते, पटकन तुटत नाही. असं का? त्यासाठी शिवणाचा दोरा घ्या. एका ढिगात दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे, दुसऱ्या ढिगात हातभर लांबीचे दोरे चुरगाळून ठेवा. पहिल्या ढिगातला तुकडा उचलला तर एकटाच येतो. दुसऱ्यातला एक दोरा ओढला तर अख्खा गुंता सोबत येतो. लांब साखळ्या एकमेकींत गुंततात, म्हणून पदार्थ चिवट होतो. बहुवारिकाची ताकद आली ती या गुंत्यातून.

पॉलिथीनचा शोध १९३३ साली इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत अपघाताने लागला. प्रचंड दाबाखालच्या एका प्रयोगात अपेक्षेप्रमाणे काही झालं नाही, पण भांड्यात पांढरट, मेणासारखा पदार्थ उरला. 'मेणासारखा' का, हे आता मुलंच सांगतील.

४. दाणा आपण खातो, कडबा बैल खातो

हा माझा सगळ्यात आवडता भाग. ज्वारीच्या दाण्यात मुख्यतः स्टार्च असतं. ज्वारीच्या धाटात, म्हणजे कडब्यात, सेल्युलोज भरपूर असतं. एकाच झाडाचे हे दोन भाग. आणि दोन्हींचं एकवारिक एकच: ग्लुकोज!

मग आपण भाकरी खातो, पण कडबा का खात नाही? कारण सांध्याची दिशा वेगळी आहे. स्टार्चमध्ये ग्लुकोजचे घटक एकाच बाजूने तोंड करून जोडलेले असतात, म्हणून साखळी वळणं घेत जाते. सेल्युलोजमध्ये प्रत्येक दुसरा ग्लुकोज उलटा असतो, म्हणून साखळी सरळ ताठ राहते. मग अशा ताठ साखळ्या विटांसारख्या शेजारी शेजारी घट्ट बसतात. कापसाच्या एका साखळीत असे साधारण दहा हजार किंवा त्याहून जास्त ग्लुकोज असतात. कापसाचा एक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच लांबलेली पेशी. हे सांगितलं की मुलं बोंडाकडे वेगळ्या नजरेने बघतात.

आपल्या लाळेत आणि पोटात स्टार्चचा सांधा उघडणारं विकर आहे. कुलूप-किल्ली म्हणा ना! सेल्युलोजच्या कुलपाची किल्ली आपल्याकडे नाही. बैलाकडेही स्वतःची नाही. पण त्याच्या पोटात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांकडे ती आहे. बैल कडबा चघळतो आणि सूक्ष्मजीव तो फोडून देतात.

*घरी करा:* साखर न लावलेला कोरड्या भाकरीचा घास दोन मिनिटं चावत राहा. हळूहळू गोडसर लागतो. तोंडात स्टार्चची साखळी तुटून साखरेचे लहान तुकडे होत आहेत. बहुवारिक तुटताना जिभेला कळलं!

५. आता त्या प्रश्नाचं उत्तर

दुसरा खेळ आठवा. पाणी बाहेर टाकून जो सांधा जुळला, तो पाणी परत घालून उघडता येतो. कापसाच्या साखळीत दर दोन ग्लुकोजमध्ये असा सांधा आहे, तिथे ऑक्सिजन बसलेला आहे. मातीतल्या बुरशी आणि जिवाणूंकडे त्या कुलपाची किल्ली, म्हणजे विकर, आहे. ओल मिळाली की ते एकेक सांधा उघडत जातात. सुटलेला ग्लुकोज हे त्यांचं अन्न. कोट्यवधी वर्षं झाडं सेल्युलोज करत आहेत आणि तितकीच वर्षं कोणीतरी ते खात आलं आहे.

आता पहिला खेळ आठवा. पॉलिथीनमध्ये नुसते कार्बन-कार्बन हातात हात. पाणी शिरावं असा सांधाच नाही. वर तो पदार्थ पाण्याला दूर ठेवणारा, त्यामुळे सूक्ष्मजीवांना त्यावर कामच करता येत नाही. आणि हा पदार्थ पृथ्वीवर येऊन अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत. मातीच्या हिशेबात तो कालचा पाहुणा.

गाईने कॅरीबॅग गिळली तर काय होतं, तेही इथेच कळतं. तिच्या पोटातले सूक्ष्मजीव कडबा फोडतात, पण पिशवीला त्यांच्याकडे किल्ली नाही. पिशवी पोटातच साचत राहते.

मग मल्चिंगचा कागद उन्हात फाटतो, त्याचे तुकडे होतात, ते काय? ऊन साखळ्या तोडतं. अतिनील किरणं आणि हवेतला ऑक्सिजन मिळून लांब साखळीचे आखूड तुकडे करतात. साखळी आखूड झाली की गुंता कमी, म्हणून कागद कडक होऊन चुरतो. (मेणबत्ती आठवली का?) पण चुरणं म्हणजे कुजणं नाही. तुकडे बारीक होतात, डोळ्याला दिसेनासे होतात आणि मातीतच राहतात. ठिबकची नळी काळी का असते, याचंही उत्तर इथेच आहे. तिच्यात मिसळलेली काजळी उन्हाची अतिनील किरणं स्वतः शोषते आणि साखळ्या वाचवते.

एक सावधगिरी. सांधा आहे म्हणजे पदार्थ लगेच कुजेलच असं नाही. पाण्याच्या बाटलीचं पेट हे पॉलिएस्टर. त्याला सांधे आहेत, पण साखळी ताठ आणि घट्ट बसलेली, म्हणून मातीत ते वर्षानुवर्षं टिकतं. तरीही २०१६ साली जपानी शास्त्रज्ञांनी पेट खाणारा एक जिवाणू सापडल्याचं जाहीर केलं. तो जिवाणूही सांध्यावरच घाव घालतो.

६. मातीतला प्रयोग

यंदा जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर शाळेच्या बागेत आम्ही वीतभर खोल तीन गोष्टी पुरल्या: जुन्या सुती सदऱ्याची बाही, मल्चिंगच्या कागदाची पट्टी आणि नायलॉनची दोरी. प्रत्येक जागी काठी रोवून तारीख लिहिली. दसऱ्यानंतर उकरलं. दोरी जशीच्या तशी. कागदाची पट्टी धुतली तर पुन्हा वापरता येईल अशी. बाही मात्र जवळजवळ नाहीशी झाली होती, चार चिंध्या तेवढ्या उरल्या.

पण एक गोष्ट माझ्याही ध्यानात आली नव्हती. बाहीची शिवण शिल्लक होती! कापड गेलं, दोरा राहिला, टाक्यांची नक्षी तशीच. सदरा सुती, पण शिवलेला पॉलिएस्टरच्या दोऱ्याने. मुलांनी तो दोरा वहीत चिकटवला. मी फळ्यावर कितीही लिहिलं असतं तरी इतकं समजावून देता आलं नसतं.

७. तापवलं तर? तूप आणि भाकरी

तूप तापवलं की पातळ, गार झालं की पुन्हा घट्ट, कितीही वेळा करा. पॉलिथीन, पीव्हीसी, पॉलिप्रॉपिलीन ही अशी प्लॅस्टिकं. यांच्या साखळ्या नुसत्या गुंतलेल्या असतात, उष्णतेने सुटून सरकतात. म्हणून ती वितळवून पुन्हा वापरता येतात.

भाकरी एकदा भाजली की तिचं पुन्हा पीठ होत नाही. कुकरची काळी मूठ किंवा जुनी काळी विजेची बटणं बॅकेलाइटची असतात, ती अशी. लिओ बेकलंडने १९०७ साली केलेलं हे पहिलं पूर्ण कृत्रिम प्लॅस्टिक. यात साखळ्यांमध्ये आडवे पूल बांधलेले असतात, सगळं मिळून एकच जाळं. तापवलं तर वितळत नाही, करपतं.

*महत्त्वाचं:* हे दाखवायला वर्गात प्लॅस्टिक जाळू नका. विशेषतः पीव्हीसी जळताना आम्लाचा विषारी वायू सुटतो. बांधावर मल्चिंगचा कागद आणि जुन्या नळ्या जाळणाऱ्या घरच्या मंडळींनाही मुलांमार्फत हे कळू द्या.

८. बादलीतली परीक्षा

पाण्याची बादली घ्या. पाण्याच्या बाटलीचे बारीक तुकडे, तिच्या झाकणाचे तुकडे, पांढऱ्या पीव्हीसी पाइपचा तुकडा, दुधाच्या पिशवीचा तुकडा, असं सगळं बुडवून हवेचे बुडबुडे झटका आणि सोडा.

- तरंगतात: झाकण आणि दुधाची पिशवी (पॉलिथीन किंवा पॉलिप्रॉपिलीन, घनता पाण्याहून कमी).
- बुडतात: बाटली (पेट) आणि पाइप (पीव्हीसी), दोन्हींची घनता पाण्याच्या सुमारे १.४ पट.

एकाच बाटलीचं झाकण तरंगतं आणि बाटली बुडते, याचं मुलांना फार नवल वाटतं. मग भांड्यांच्या तळाशी त्रिकोणात छापलेला अंक शोधायला सांगा: १ पेट, २ जास्त घनतेचं पॉलिथीन, ३ पीव्हीसी, ४ कमी घनतेचं पॉलिथीन, ५ पॉलिप्रॉपिलीन, ६ पॉलिस्टायरीन, ७ इतर. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने घरातल्या पाच वस्तूंची यादी आणायची.

९. मग प्लॅस्टिक वाईट का?

इथे मी माझी जुनी चूक सुधारली. पूर्वी मी 'प्लॅस्टिक वाईट' म्हणून पाठ संपवायचो. मुलं मान डोलवायची आणि त्यांच्या घरी ठिबक, पाइप, शेततळं सगळं प्लॅस्टिकचंच असायचं. त्यांना ते खोटं वाटत असणार.

जालना तालुक्यातलं कडवंची घ्या. पाणलोटाचं काम, शेततळी आणि द्राक्षबागा यांसाठी हे गाव महाराष्ट्रभर ओळखलं जातं. आपल्यासारख्या पाण्याची ओढ असलेल्या भागात शेततळ्यात साठवलेलं पाणी जिरून जाऊ नये म्हणून तळाला कागद अंथरतात. तो बहुधा पॉलिथीनचाच, अनेकदा ५०० मायक्रॉनचा, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाड. न कुजणं हाच तिथे त्याचा गुण! तो कुजला असता तर उन्हाळ्यात बाग जगली नसती. मल्चिंगचा कागद त्याच घराण्यातला, पण साधारण २५-३० मायक्रॉनचा. काम एका हंगामाचं, आणि गोळा करायला जावं तर हातात फाटतो.

म्हणून मी आता मुलांना असं सांगतो: वस्तूचं काम किती दिवसांचं आणि तिचं आयुष्य किती दिवसांचं, हे जुळतं का ते बघा. वर्षानुवर्षं चालायच्या कामाला न कुजणारं बहुवारिक, तर अर्ध्या तासाच्या भाजीला कापडी पिशवी. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदीची अधिसूचना काढली. ती मुलांना या कसोटीवर तपासू द्या.

आपल्याकडे या विषयात मोठं काम झालेलं आहे, हेही आवर्जून सांगा. डॉ. रघुनाथ माशेलकर हे मुळात बहुवारिकांचे शास्त्रज्ञ, १९८९ ते १९९५ या काळात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक. ही वाट आपल्या मुलांसाठीही मोकळी आहे.

१०. स्वाध्याय

१. स्टार्च आणि सेल्युलोजचं एकवारिक एकच, तरी गुणधर्म वेगळे का?
२. पन्नास ग्लुकोज सरळ साखळीत जुळले तर पाण्याचे किती रेणू सुटतील?
३. प्लॅस्टिकची जुनी बादली उन्हात राहून कडकडीत का होते?
४. तुमच्या वावरात प्लॅस्टिकच्या कोणत्या वस्तू आहेत? प्रत्येकीचं काम किती दिवसांचं? काम संपल्यावर ती कुठे जाते?

चौथा प्रश्न पालकांनी मुलांसोबत बांधावर उभं राहून सोडवावा. उत्तरं वहीपुरती राहू देऊ नका. आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरी यंदा मिरची निघाल्यावर मल्चिंगचा कागद नांगरटीआधी हाताने गोळा करून भंगारवाल्याला दिला. दोन दिवस लागले, पैसे फार आले नाहीत. पण पोराने घरच्यांना सांध्याची गोष्ट सांगितली होती.

आणि ती मुलगी? उत्तर तिला मी त्याच आठवड्यात दिलं होतं, दोन्ही खेळांसकट. पुरावा मात्र वर्षभर उशिरा हाती आला. तोवर ती अकरावीला गेलेली. मातीतून निघालेल्या शिवणीचा फोटो तिच्या वडिलांच्या मोबाईलवर पाठवला. संध्याकाळी उत्तर आलं: "सर, कापसाच्या दोऱ्यानं शिवला असता तर?"

पुढच्या जूनमध्ये ते करून बघणार आहोत. तुमच्या शाळेतही करा आणि काय दिसलं ते नक्की कळवा.